मरीयेचे धाकटे

बाई,

काल देवळात मी मरीयेवर बोललो. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, कारण त्या बाईशी माझं किती जुनं वाकडं आहे ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आता मी तुझ्याहून वयानं मोठा झालोय. तू गेलीस तेव्हा तुझ्या वेणीत थोडे तरी काळे केस होते. माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात. एवढ्या वयात माणसानं हेवेदावे खाली ठेवावेत, असं आपले पाळक प्रत्येक पवित्र भोजनाच्या आधी सांगतात. मी मान डोलावतो, भाकरीचा तुकडा घेतो, आणि हेवा खिशात तसाच असतो, जुन्या रुमालासारखा.

तुला बाई म्हणून लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाशी हात थांबला. धारच्या त्या इस्पितळात सगळे तुला बाई म्हणायचे. वॉर्डातले रोगी, डॉक्टरीणबाई, झाडूवाला, बाबांच्या जागी आलेला नवा कंपाउंडरसुद्धा. त्यांचं ऐकून दादा आणि मीही बाईच म्हणू लागलो. तुला त्याचं काही वाटलं नाही. उलट म्हणालीस, शास्त्रात प्रभूही मरीयेला बाईच म्हणतो, मग बिघडलं काय. असं पोटच्या दोघा मुलांनी तुला कधी आई म्हणून हाक मारली नाही. ती मारायला देवासचा एक परका मुलगा यावा लागला.

पण आधी कालचं सांगतो. आमचे आत्ताचे पाळक तिशीतले आहेत, हिंदीतच बोलतात. मराठी गीत आता महिन्यातून एखादं, तेही आम्ही चारदोन म्हातारे ओढून नेतो; नातवंडं ओठ हलवतात नुसते. नाताळाच्या आधीच्या रविवारी कुणी बोलायचं हे ठरवायला ते घरी आले आणि म्हणाले, "बाबूजी, इस बार मरियम पर आप बोलिए. आप तो कवि आदमी हैं." मी कसला कवी. लोकांच्या वाढदिवसाला शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो, म्हणून पोरं मला कवी म्हणतात. पाळकांच्या मागोमाग देवळाचा कारभार बघणारे आमचे एक पंच आले होते, त्यांचा चेहरा पडला. "मरीयेवर? मास्तर, आपण काय कॅथलिक आहोत? उद्या मेणबत्त्या लावायला सांगाल, परवा हार." मी म्हटलं, "मी कशाला हार घालू, माझं तिच्याशी पटत नाही." पंचांना हे उत्तर आवडावं की नाही ते कळेना. आतून ही म्हणाली, "अहो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईशी कसलं न पटणं? त्या माऊलीनं तुमचं काय घेतलंय?" काय घेतलंय ते तिला ठाऊक आहे. माझ्याशी लग्न होऊन धारला आली तेव्हापासून ती ते बघतेय.

इस्पितळामागच्या आपल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू वॉर्डातून येतेस, अंगाला कार्बोलिकचा वास असतो. मोरीत बसून कोपरापर्यंत हात धुतेस, बोटांच्या बेचक्यासुद्धा, जशा रोग्याला हात लावण्याआधी धुवायचीस तशा. मग परात पुढे ओढतेस. पीठ मळताना दुसऱ्या बायका ओव्या म्हणत असतील. तू मरीयेचं गाणं म्हणायचीस. मुठीचा एक दाब, एक ओळ. पुन्हा दाब, पुन्हा ओळ. शाळेत आम्हांला सगळं हिंदी. मराठी कविता तू घरी शिकवल्यास, नगरकडच्या तुझ्या शाळेतल्या, तुला तोंडपाठ असलेल्या. तेव्हा लघु-गुरू मला कुणी फळ्यावर शिकवले नाहीत. परातीतल्या पिठाच्या आवाजावर शिकलो.

गाणं संपलं की तू थोडं बोलायचीस. "केवढीशी पोर असेल रे ती. डोंगर चढून नात्यातल्या म्हातारीकडे गेली आणि उंबऱ्यातच हे गाणं म्हणाली. शाळा नाही, पाटी नाही. आणि गाण्यात मागितलं काय, तर उपाशी माणसाच्या पोटात पडू दे आणि मोठ्यांचा तोरा उतरू दे." हे सांगताना तुझा आवाज बदलायचा. तो आवाज तू माझ्यासाठी किंवा दादासाठी कधी काढला नाहीस. बाबांसाठी काढत होतीस की नाही ते कळायच्या आधीच बाबा गेले. मी चुलीपाशी पाट घेऊन बसलेला असायचो आणि मला वाटायचं, ही कोण बाई आहे, जिची आपल्या घरात तसबीर नाही, नाव घेऊन प्रार्थना नाही, आणि जी आली की आपली बाई अशी दुसरीच होऊन जाते.

सातवीत मी तुझ्यावर कविता केली. चंद्र होता, समई होती, देवळाची घंटा होती, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी मी होतो, तुझा लाडका. तू पोळ्या लाटत होतीस. मी उभा राहून, हात मागे बांधून, शाळेत म्हणतात तशी ती म्हटली. दादा दारात बसून चपलेचा अंगठा शिवत होता. तू लाटणं थांबवून सगळी ऐकलीस आणि म्हणालीस, "चाल कुठं चुकली नाही. पण यात तूच फार आहेस रे. माझ्या हातातलं पीठसुद्धा तुझ्याकडेच बघतंय. मरीयेचं बघ, स्वतःचं थोडंसं बोलते आणि मग सगळ्या जगाचं." दादा खो खो हसला. "बाई, याला मरीयेच्या शाळेत घाल." तू पण हसलीस. मला पोळी वाढलीस, वर गुळाचा खडा ठेवलास. गूळ मी खाल्ला. पण त्या दिवसापासून मरीया नावाची एक हुशार मुलगी माझ्या वर्गात कायमची पहिली आली, असं मला वाटत राहिलं.

दादाचं पुढं देवासला झालं. शाळेत गणित शिकवायची नोकरी, आणि राहायला तिथल्याच एका दोस्ताच्या घरी, टेकडीच्या पायथ्याशी. त्या दोस्ताचं घराणं मराठी, दरबारातलं. आजोबा थोरल्या पातीच्या दप्तरात होते. देवासच्या जुन्या दोन गाद्यांची गंमत दादा सुट्टीत आला की रंगवून सांगायचा, एकाच गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती, रस्त्याची ही बाजू याची आणि ती त्याची. मग माझ्या पाठीत थाप मारून म्हणायचा, "आणि ही आपली धाकटी पाती. मुलूख लहान, पण रुसवा मोठा." दोस्ताला आई नव्हती, तो पाळण्यात असतानाच गेलेली. पहिल्यांदा दादाबरोबर धारला आला तेव्हा तो तुला आईसाहेब म्हणाला. तुझ्या हातात उलथणं होतं. "अरे, मी वॉर्डातली बाई, साहेब काढ त्यातलं," तू म्हणालीस. त्यानं साहेब काढलं. जे उरलं ते त्यानं कायमचं घेतलं.

मग दादाची कावीळ. इंदूरच्या इस्पितळातली ती खोली, खिडकीबाहेर कुणीतरी वाळत घातलेली हिरवी लुगडी. मी गंधवानीच्या शाळेतून आलोय, नवी मास्तरकी, नवं लग्न, बुटांवर तिकडची लाल धूळ. दादाच्या उशाशी त्याचा दोस्त बसलाय, तू पलंगाच्या कडेला, आणि मी पायथ्याशी. दादाचे डोळे हळदीसारखे झालेत, पण हसतोय. त्यानं तुझ्याकडे बघितलं, दोस्ताकडे हनुवटीनं खूण केली आणि म्हणाला, "बाई, आता हा तुझा." मग त्याला, इकडे भावाला म्हणतात तसं, म्हणाला, "भिया, ही तुझी आई. हिला घेऊन जा." आपल्यात वाढलेल्या माणसाला हे शब्द कुठले ते सांगावं लागत नाही. वधस्तंभावरून प्रभूनं आपली आई अशीच एका मित्राच्या स्वाधीन केली होती. दाराशी उभी असलेली केरळची नर्स तोंड फिरवून रडायला लागली. मी दादाच्या पायांवरची चादर सारखी करत होतो. मला वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल. माझ्यासाठीही एखादं वाक्य त्यानं ठेवलं असेल. त्यानं पाणी मागितलं, आणि पाणी आणायला मीच गेलो.

मी लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा प्रश्न पडला की मरीयेला दुसरी मुलं होती ना? मग त्यांना वगळून आई मित्राला का दिली? ती मुलं कुठं होती त्या दुपारी? त्याबद्दल शास्त्रात अक्षर नाही. मला वाटतं, तीही कुठंतरी पायथ्याशी चादर सारखी करत असतील.

दादाला माती दिल्यावर मी म्हटलं, तू आता गंधवानीला चल. हिनं तुझ्यासाठी खाट विणून घेतली होती. तू ट्रंक भरत होतीस. वर पांढरं लुगडं, खाली शास्त्र, कडेनं तुझी कात्री आणि थर्मामीटर. मी विचारलं, "हे कुठं?" म्हणालीस, "देवासला." मी म्हटलं, "बाई, दादा तापात बोलला. थट्टेची सवय त्याची." तू कात्री रुमालात गुंडाळत म्हणालीस, "मरीया लग्नघरात चाकरांना काय म्हणाली होती? माझा मुलगा सांगेल ते करा. मग बाईनं दुसऱ्यांनाच सांगायचं, आपण करायचं नाही?" मी म्हटलं, "तो प्रभू होता. हा दादा." तू ट्रंकेचं झाकण लावलंस आणि त्यावर बसलीस, कडी बसावी म्हणून. "मला कळतं रे फरक. पण त्या पोराला आई नाही. तुला बायको आहे, घर आहे, कविता आहेत." कविता म्हणताना तू हसली नाहीस, हे मी तेव्हाच नोंदवून ठेवलं. मरीयेनं माझं काय घेतलं म्हणून ही विचारते. हेच.

पुढं तू दर नाताळाला धारला यायचीस. मी सुट्टी काढून गंधवानीहून, नंतर डहीहून यायचो, आणि तू देवासहून पितळी डबा घेऊन उतरायचीस. डब्यात करंज्या. आपल्या घरी सारण असायचं खोबरं-खसखशीचं. या करंज्यांत मावा आणि चारोळी. त्या दोस्ताच्या बायकोनं, देवासच्या वहिनींनी, तुला मावा घालायला शिकवलं होतं. सगळे वाहवा करायचे. मी एक खायचो आणि पाणी प्यायचो. एकदा तू म्हणालीस, "गोड झाल्यात का रे फार?" मी म्हटलं, "परक्या झाल्यात." पुढच्या वर्षी डब्यात वरचा थर माव्याचा आणि खाली, कागदाखाली, खोबऱ्याच्या. मी खालच्या खाल्ल्या आणि कुणाला दाखवल्या नाहीत.

गंधवानीला तू एकदाच आलीस. रस्त्यावर कॅथलिक लोकांच्या शाळेपुढं एक दगडी कोनाडा होता, त्यात मरीयेची निळ्या पदराची मूर्ती. उन्हाळ्याचे दिवस, जीपगाड्यांनी उडवलेली धूळ तिच्या पावलांवर बोटभर. तू थांबलीस. मला धास्ती वाटली, कारण आपल्यात तिच्यापुढं हात जोडत नाहीत आणि शेजारी आमच्या मंडळीचा एक माणूस होता. तू हात जोडले नाहीस. वाकलीस, पदरानं तिची पावलं पुसलीस आणि पदर झटकलास. मी विचारलं, "पाया पडलीस?" म्हणालीस, "धूळ पुसली. धूळ पुसायला कुठं बंदी आहे?" मग तिच्या गळ्यातल्या झेंडूच्या ढिगाकडे बघून म्हणालीस, "केवढं ओझं घातलंय. कामाची बाई ती, अशानं वाकेल कशी." घरी पोचेपर्यंत मी तुझ्या पदरावरच्या त्या डागाकडे बघत चाललो. शाळेतून येताना माझ्याही पायांवर तेवढीच धूळ असायची.

आणि तू गेलीस तीही देवासलाच. तार मिळून मी पोचलो तेव्हा अंगणात दादाचा दोस्त बसला होता, डोकं भादरलेलं, मिशी काढलेली, आईसाठी त्यांच्यात मुलगा करतो तसं. लोक येत होते, त्याच्यापुढं बसत होते, त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते. एकानं मला विचारलं, "आप कौन?" मी म्हटलं, "मैं इनका बेटा." तो म्हणाला, "अच्छा अच्छा, छोटे वाले." माझ्या डोक्यावर सगळे केस होते. आपल्यात तसं काही करत नाहीत. तरी त्या दिवशी ते केस मला जड झाले.

इतक्या सगळ्यावर पाळक म्हणतात, मरियम पर बोलिए. मी कागद घेऊन बसलो. काहीही लिहिलं तरी दोन ओळींनी तक्रार व्हायची. आमच्यात मरीया नाताळच्या नाटकात दोन दिवस निळी ओढणी घेऊन कागदी पंखांच्या देवदूतांत बसते आणि मग ओढणीबरोबर पेटीत जाते. एवढंच लिहून थांबलो. माझ्या ध्यानात आलं की मरीयेबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं तुझं, आणि तुझी शेवटची सगळी वर्षं दादाच्या दोस्ताकडे आहेत. म्हणून मागच्या आठवड्यात इंदूरला बस बदलून देवासला गेलो. बऱ्याच वर्षांनी.

तो ओट्यावर उन्हात बसला होता, गळ्यात मफलर. समोर टेकडीवरच्या देवीला जाणाऱ्यांची रांग. मला बघून म्हणाला, "या, धाकटी पाती. थोरली पाती आता गुडघ्यांवर आलीय, उठत नाही, माफ कर." सुनेनं पोहे आणले, वर शेव. मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यानं टेकडीकडे हात केला. "आमची माता तिथं वर. तुमच्यात तिला वर नाही ना चढवत?"

"नाही."

"आई पण तेच सांगायच्या. नवरात्रात आम्ही सगळे वर जायचो, त्या खाली पायरीवर बसून आमच्या चपला राखायच्या. मी म्हटलं, आई, तुम्ही पण चला, बघायला काय हरकत. तर म्हणाल्या, तू जाऊन ये बाळा. आमची मरीया खालीच सापडते, चपलांपाशी."

मी पोह्यांत चमचा फिरवत राहिलो. मग विचारलं, "दादा तसं म्हणाला तेव्हा तुला कळलं होतं का, ते शास्त्रातलं आहे म्हणून?"

"छे रे. मला वाटलं, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलतोय. मी हो हो म्हटलं. महिन्यानं बघतो तर दाराशी टांगा, आणि आई ट्रंक उतरवून घेतायत. मी घाबरलो. आमची ही म्हणाली, आता यांना काय म्हणून ठेवून घ्यायचं? मी म्हटलं, त्या म्हणतील ते." तो हसला, खोकला, सुनेनं पाणी दिलं. मग म्हणाला, "तू ती नावं सांगणार ना पण?"

"कुठली नावं?"

त्यानं डोळे मिटले आणि पाढ्याच्या चालीत म्हणाला, "याकोब, योसे, यहूदा, शिमोन." चाकरीतून निवृत्त झालेल्या, कपाळाला गंध लावलेल्या माणसाच्या तोंडून मरीयेच्या बाकीच्या मुलांची नावं. "दिवेलागणीला पोरांचे हातपाय धुतले की आई ओळीनं बसवायच्या. म्हणायच्या, थोरल्याचं नाव सगळ्या दुनियेला पाठ आहे. हे मरीयेचे धाकटे, यांना कोण विचारतं? यांनाही तिनंच न्हाऊमाखू घातलं. दिवसातून एकदा तरी कुणीतरी यांची नावं घ्यावीत. माझ्या पोरांना पाढ्यांआधी ही यायला लागली." त्यानं डोळे उघडले. "आणि मग पाचवं तुझं."

"माझं?"

"रोज. शेवटी. पोरांना कितीतरी वर्षं वाटायचं, तू पण शास्त्रातलाच आहेस. तू पहिल्यांदा आलास ना घरी, तर मोठा विचारतो, बाबा, हे जिवंत कसे?"

सून हसली, तोही हसला. बाई, तिथं मी विरघळून जायला हवं होतं. एखाद्या कवितेत तसंच झालं असतं. पण मला पहिल्यांदा काय वाटलं ते तुला सांगतो: रोज दिवेलागणीला, इतकी वर्षं, तू माझं नाव घेतलंस, आणि ते त्यानं ऐकलं, त्याच्या बायकोनं ऐकलं, त्याच्या पोरांनी ऐकलं, ओट्यावरून जाणाऱ्या दूधवाल्यानंही ऐकलं असेल. मी एकदाही ऐकलं नाही. मी म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीस." तो चकित झाला. "मला वाटलं तुला माहीत असणार. तुझ्या लहानपणापासूनचीच सवय असेल त्यांची." मग मफलर सारखा करत, "रविवारी मी येऊ का ऐकायला? तुमच्या देवळात मला कधी कुणी बोलावलंच नाही." मी म्हटलं, ये की. काय म्हणणार.

काल तो आला, नातवाच्या गाडीतून. शेवटच्या बाकावर बसला. मी अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत बोललो. म्हटलं, आपण मरीयेजवळ काही मागत नाही, ते ठीकच आहे. पण मूर्तीला भिऊन आपण बाईलाच विसरलो. जिच्यापुढं हात जोडायचे नाहीत, तिच्या पायांवरची धूळ पुसायला तर कुणी मना केलेलं नाही. पंच बाकावर सावरून बसले. मी तिच्या गाण्याबद्दल बोललो, तुझ्या परातीबद्दल बोललो. म्हटलं, आपले कॅथलिक शेजारी त्या चौघांना चुलत-मावस भाऊ मानतात, आपण सरळ वाचतो, ते तिचेच. आणि शास्त्रात ती शेवटची दिसते ती माडीवरच्या खोलीत, प्रार्थनेला बसलेली, आणि सोबत तिचे हेच धाकटे. वधस्तंभापाशी नव्हते, पण माडीवर होते. हे बोलताना माझा आवाज थोडा तुझ्यासारखा झाला असावा, कारण ही एकदम वर बघायला लागली.

मग मी चारही नावं घेतली, आणि म्हणालो, "मेरी माँ रोज़ शाम ये नाम लेती थीं, और पाँचवाँ मेरा. मैं चूल्हे के पास बैठा सुनता था." असंच बोललो. कागदावर तसं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा मला ते खरंच वाटलं, चुलीची धग सुद्धा लागली. मग शेवटच्या बाकाकडे लक्ष गेलं. तो माझ्याकडे बघत होता. क्षणभर बघितलं, आणि मग डोळे मिटून मान डोलावली, ओळखीच्या कवितेची ओळ कानावर आली की डोलावतात तशी.

उपासनेनंतर अंगणात चहा. पंच म्हणाले, "बरं झालं मास्तर, मेणबत्तीपर्यंत गेलं नाही." पाळकांनी हात हातात घेतला. हिनं मला बिस्किट दिलं. मग तो आला, नातवाच्या खांद्यावर हात टेकत. मी वाट बघत होतो. त्यानं माझं कोपर धरलं. "छान बोललास, भिया. अगदी तसंच म्हणायच्या आई. तू ऐकलेलं होतंस, म्हणून जमलं." त्याच्या चेहऱ्यावर मी थट्टा शोधली. नव्हती. नातू काहीतरी विचारणार होता, त्याचा खांदा त्यानं जरासा दाबला आणि ते गाडीकडे गेले. दादानं तुला याच्या स्वाधीन का केलं, ते मला काल त्या फाटकाशी कळलं. आणि कळल्यावर माझा हेवा कमी व्हायच्या ऐवजी वाढला. माझ्या खोट्यावर एवढा मोठा पडदा टाकून एवढं हलकं चालता येणं, हे तू त्याला शिकवलंस की तो आधीपासून तसाच होता? मला का नाही शिकवलंस? बघ, पुन्हा मीच फार झालो.

हे पत्र कुठं टाकायचं? तुझा शेवटचा पत्ता त्याच्या घराचा आहे. तिथं पाठवलं तर तो उघडून सुनेला मोठ्यानं वाचून दाखवेल. त्यापेक्षा इथंच राहू दे, चष्म्याच्या घराखाली.

एकच राहिलं. आज दुपारी ही पडली होती तेव्हा मी एकटाच बसून ती नावं म्हणून बघितली. चौघांची नीट आली. पाचव्याला थांबलो. माझं नाव माझ्याच तोंडात कसंतरी लागत होतं. ते तुझ्या आवाजात हवं होतं, आणि बाई, तुझा आवाज मला आता आठवत नाही. गाण्याचा आठवतो, पीठ मळतानाचा. माझं नाव घेतानाचा नाही. पुढच्या आठवड्यात देवासला जातो म्हणून हिला सांगितलंय. तुझ्या कबरीभोवतीचं गवत काढायला, असं म्हटलंय. गवत काढीन. पण मग त्याच्या ओट्यावर जाऊन बसणार आहे, दिवेलागणीपर्यंत. त्याला म्हणेन, एकदा म्हण, पाचही, ती म्हणायची तशीच.